पुष्पावतीच्या थडग्याला चुना

चुन्याची कळी भिजवायला पाणी लागतं. पाणी टँकरचं, घराला दोन हंडे.

शांतवन मास्तर वाटेने जाताना नेहमी बायकोच्या उजव्या अंगाला चालतात.

एका बाईचे सात नवरे. सातही सख्खे भाऊ, एक मेला की पुढचा. शेवटी बाईही मेली.

रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी तव्यावर पडेपर्यंत दोनदा फाटते.

थडग्याचा दगड रुंद घेतलेला. डाव्या अर्ध्यावर नाव, उजवा अर्धा कोरा.

अठ्ठेचाळीस साल. ख्रिस्ती मंडळीच्या शाळेचा ओटा. खांबाला टेकून बसलेली एक अनवाणी बाई.

तर हे सगळं एका जागी आलं ते त्र्याहत्तर साली, ईस्टरच्या आदल्या दुपारी. पारनेर तालुक्यातलं ते गाव, तिथली पंधरा-वीस ख्रिस्ती घरं. ईस्टरच्या पहाटेची उपासना दफनभूमीत व्हायची, म्हणून आदल्या दिवशी जो तो आपापल्या माणसांची थडगी झाडून चुना लावायचा. त्या साली दुष्काळाने माणसांनाच प्यायला पाणी नव्हतं. पाळकसाहेबांनी सांगून टाकलं होतं, यंदा नुसतं झाडा, प्रभू समजून घेईल.

सगळ्यांनी झाडलं. एकट्या मुक्ताबाईने बादलीत चुना आणला होता. तीन दिवस ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आपल्या वाटणीचं पाणी अर्धं पिऊन अर्धं मडक्यात ठेवायची. चुना कोणासाठी, तर पुष्पावतीसाठी. म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, शांतवन मास्तरांच्या, पहिल्या बायकोसाठी.

बाया हसल्या. एक जण म्हणाली, "मुक्ताबाई, सवतीला न्हाऊ घालतीस, आमाला एक तांब्या दे की."

"मेल्यावर या," मुक्ताबाई म्हणाली, आणि घायपाताचा कुंचा चुन्यात बुडवला.

मास्तर बादली धरून उभे होते. त्यांना त्या दगडाकडे बघवत नसे. एकवीस वर्षांपूर्वी, पुष्पावतीला माती दिली तेव्हा, त्यांनीच हौसेने मोठा दगड घेऊन त्यावर कोरून घेतलं होतं: पुष्पावती शांतवन भिंगारदिवे, पतीची वाट पाहत आहे. शेजारची जागा आपल्या नावासाठी सोडली. आणि दोन वर्षांत विधवा मुक्ताबाईशी लग्न केलं. तिला अक्षरं त्यांनीच शिकवली. पुस्तकाबाहेरचं तिने आपलं आपण पहिल्यांदा काय वाचलं, तर हा दगड. बोट फिरवत, अडखळत, शेवटच्या शब्दापर्यंत. मास्तर तेव्हा म्हणाले होते, "वाचन छान झालं."

"राहू दे आता, मुक्ता. पाणी संपेल."

"बाईंचं न्हाई राहू द्यायचं." तिने दगडाची वरची कड पांढरी केली. मग हात न थांबवता म्हणाली, "मास्तर, रविवारी पाळकसाहेबांनी सात भावांचं सांगितलं. वर गेल्यावर ती बाई कुनाची बायको, आसं लोकांनी प्रभूला इचारलं."

"हं."

"आन प्रभू म्हनला, तिथं लगीनच न्हाई. कुनी कुनाचा नवरा न्हाई. खरं हाय का ते?"

मास्तर सावध झाले. एकोणीस वर्षं ज्या प्रश्नाची धास्ती होती तो हा. एक बायको मातीत, एक समोर, आणि मध्ये कोरा दगड. दुसरंही बरंच सांगता आलं असतं. लग्न नसलं तरी ओळख राहते, माया राहते, असं मानणारे मोठे मोठे पाळक त्यांनी ऐकले होते. पण कोरं उत्तर सोयीचं होतं. त्यात कोणाचीच बाजू घ्यावी लागत नव्हती.

"खरं आहे," ते म्हणाले. "तिथं कोणी कोणाचं नाही. सगळे देवदूतांसारखे."

"कुनाचंच न्हाई?"

"कोणाचंच नाही."

मुक्ताबाई खाली मातीतच बसली. कुंचा मांडीवर पडला, लुगडं पांढरं झालं. तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.

बादली ठेवून मास्तर तिच्याजवळ बसले. "मुक्ता, ऐक. मी इथं माझं नाव घालणार नाही. तुझ्याशेजारी मला माती द्यायला सांगतो. पाळकसाहेबांना आजच सांगतो."

"दगडाचं काय मधीच काढलं?" तिने पदर खाली केला. ती रडत होती, पण चेहरा दुखावलेल्या माणसाचा नव्हता. खडीचं काम सुटल्यावर पाटी उतरवतात तेव्हा बायांचा होतो, तसा होता. "मी मच्छिंद्राचा इचार करत हुते."

मच्छिंद्र तिचा पहिला नवरा. एक्कावन्न साली कोल्हारला उसाच्या गाडीखाली सापडून गेला.

"त्यो आधी गेलाय ना वर. मला वाटायचं, मी गेले की दारातच हुबा आसंल, हातात काय तरी घिऊन. पंचवीस वर्सं हे भ्या बाळगलं. तुमच्या घरात सुदीक."

"असलं कोणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

"तुमीच की," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मास्तरांना अठ्ठेचाळीस सालचा शाळेचा ओटा आठवला. ते सव्वीस वर्षांचे होते, मास्तरकी नवी, पाळक नगरला गेलेले. मार खाऊन पळून आलेल्या त्या बाईला त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं होतं: बाई, देवाने जोडलेलं आहे हे. इथंच नाही, स्वर्गातही तो तुझा नवराच. इथून पळशील, तिथून कुठं पळशील? घरी जा. वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की पुढच्या रविवारी शब्बाथशाळेत त्यांनी ते पुन्हा वापरलं होतं. मग विसरले.

"मुक्ता, तुझा डावा कान कधी गेला?" एकोणीस वर्षं ते तिच्या ऐकत्या बाजूने चालत होते, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

"परत गेले त्याच आठवड्यात. चुलीतलं लाकूड हुतं." तिने कुंचा उचलला. "द्या ती बादली. वाळंल."

आणखी एक गोष्ट होती, आणि ती फक्त मास्तरांना माहीत होती. सात भावांचा धडा त्यांना सत्तेचाळीस सालीच, मास्तरकीच्या परीक्षेला होता. त्यांचं त्यावरचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं गेलं होतं.

ते उठले. दगडाला वळसा घालून तिच्या डाव्या अंगाला गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला तेव्हाही हे ठाऊक होतं."

मुक्ताबाई चुना लावत राहिली. मग काहीतरी हललं असं वाटून तिने मान वळवली. "काय म्हनला?"

"चुना घट्ट झालाय, म्हटलं."

"मग पानी घाला की. मडक्यात हाय थोडं."

मास्तरांनी मडकं उचललं. तळाशी तांब्याभर पाणी होतं, तिने न प्यालेलं. त्यांनी ते ओतलं, काडीने ढवळलं. पलीकडे बाया घराकडे निघाल्या होत्या. मास्तर बादली घेऊन परत वळसा घालून तिच्या उजव्या अंगाला आले आणि टेकले.

"मुक्ता. ओट्यावर तुला सांगितलं ते खोटं होतं. मला तेव्हाही ठाऊक होतं."

कुंचा थांबला. तिने दगडावरच्या अक्षरांकडे पाहिलं.

"ठाव हुतं," ती म्हणाली.

"हो."

"मग सांगितलं का?"

"तू घरी जावीस म्हणून. पाळक नव्हते, लोक काय म्हणतील म्हणून."

नावाच्या खाचांत साठलेला चुना तिने बोटाने काढला, एकेक अक्षर मोकळं केलं. मग कुंचा त्यांच्या हातात दिला आणि कोऱ्या अर्ध्याकडे बोट केलं.

"ते तुमचं तुमी करा," म्हणाली, आणि उठून बायांच्या मागे चालायला लागली. मास्तर तिच्यासोबत उठले नाहीत. ते चुना लावत बसले.

अठ्ठेचाळीस साली मास्तर ओट्यावर बोलत होते तेव्हा पुष्पावतीने आत मुक्ताबाईसाठी अंथरूण घालून ठेवलं होतं, आणि ते मुक्ताबाईला ओट्यावरून दिसत होतं.