डबीतला शेजारी

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. करंगळीएवढा लांब, पाठीवर एक चरा. अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट वितळवून मला ओतले आणि एका गिटारच्या पिकअपमध्ये, तारांच्या खाली बसवले. पोलादी तार थरथरली की माझ्यामुळे तांब्याच्या वेटोळ्यात वीज उठते. तिचाच पुढे आवाज होतो.

ती गिटार एका बसचालकाची होती. तीस वर्षांत माझा जोर थोडा ओसरला आणि आवाज मऊ झाला. त्याची मुलगी म्हणायची, "बाबांच्या गिटारला घसा आहे."

तो गेला आणि गिटार तिच्याकडे आली. ढोलताशासारख्या वाजणाऱ्या तिच्या बँडमध्ये मी ऐकूच येईना. दुरुस्तीवाल्याने मला काढून सिरॅमिकचा काळा चुंबक बसवला. आवाज मोठा आणि टोकदार झाला.

"आता शेजारी घर सोडतील," तो म्हणाला.

"जुना जपून ठेवा हं, काका."

"डबीत ठेवतो. कुठे पळतोय तो?"

डबीत आधीच एक बटणाएवढा चुंबक होता. आकाराने लहान, पण माझ्या कितीतरी पट जोराचा. आमची समान टोके समोरासमोर आली. मी मागे सरू पाहत होतो. दुरुस्तीवाल्याने अंगठ्याने झाकण दाबले. बळी तो कान पिळी. त्या दाबातच माझ्यातले काहीतरी गेले. आवाज झाला नाही, ओरखडाही उठला नाही. पुढे टेबलावर हातोडी पडली की आणखी थोडे जाई.

आठ महिन्यांनी मुलगी आली. कपाटात तिला वडिलांची कॅसेट सापडली होती. त्यांनी स्वतः बांधलेली धून, अर्धीच. उरलेली तिला त्याच आवाजात पुरी करायची होती.

मला परत बसवले. तिने कॅसेट ऐकली, वाजवले, पुन्हा ऐकली.

"काका, हा बारीक लागतोय."

त्याने मला काढून टाचण्यांवर धरले. तीनच उचलल्या गेल्या.

"जोर गेलाय याचा. पुन्हा भारून देतो, दोन मिनिटांचं काम."

"किती भारणार?"

"पूर्ण."

"बाबांचा पूर्ण नव्हता. आधी किती होता?"

दुरुस्तीवाल्याने डबीकडे पाहिले. काढताना त्याने मोजलेच नव्हते.

मित्रांनो, दुबळ्याला दांडग्याबरोबर एका डबीत कोंडू नका. आणि जुनी वस्तू जागची हलवण्याआधी तिचे माप लिहून ठेवा.

मला भारण्यासाठी त्याने टेबलावरच्या शिकंज्याच्या दोन्ही जबड्यांना आता मोठे चुंबक लावले आहेत. मधली जागा माझ्याएवढीच आहे.

"भारू ना?" त्याने विचारले आहे.

तिने कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली आहे.