कानातल्या वाती

बायको मल्लव्वा गेली आणि शरणप्पाच्या घरात तिच्या हातचं म्हणून कोनाड्यातला एक डबा तेवढा उरला. त्यात कापसाच्या वाती होत्या. देवाच्या नव्हेत, कानाच्या. शरणप्पा विणायला जायचा त्या गिरणीच्या साळखात्यात शेकडो माग एकदम धडधडायचे, म्हणून ती उशीतला कापूस काढून, खोबरेल लावून रोज दोन जाड वाती वळायची.

संध्याकाळी फाटकावर झडती व्हायची. पहारेकरी धोंडप्पा शरणप्पाच्या कानातून त्या काढून घ्यायचा. "गिरणीचा माल हाय," म्हणायचा. मल्लव्वा दुसऱ्या दिवशी नव्या द्यायची. "घेऊ द्या की. त्याच्या डोस्क्यात भुसा हाय, कापूस तरी जाईल."

तरी शरणप्पाचा डावा कान गेलाच. उजवा अर्धा राहिला. मल्लव्वाला ताप चढला त्या दुपारी ती आतून पाणी मागत होती आणि हा बाहेर ओट्यावर बसून होता. शेजारच्या गुरम्मानं येऊन हलवलं तेव्हा कळलं. आत गेला तोवर ती गप्प झाली होती.

डब्यात शेवटची जोडी उरली, तेव्हापासून फाटक जवळ आलं की तो वाती कानातून काढून गालात दाबायचा. मळ, शिळं तेल, ओला कापूस. ओकारी यायची. पण त्या धोंडप्पाला द्यायच्या नव्हत्या.

अशात गिरणीला ढाल मिळाली. कामगारांचे कान जपल्याबद्दल. लेबर ऑफिसर फोटोवाल्याला घेऊन साळखात्यात आले आणि त्यांनी चार जुने विणकर ओळीत उभे केले. रबरी बोळ्यांची जोडी मात्र एकच. एकाच्या कानात घालायची, फोटो काढायचा, मग पुढच्याच्या कानात. तिसरा बसलिंगप्पा. त्याचा कान वाहायचा. बोळा बाहेर आला तो पिवळी, चिकट तार घेऊन. साहेबांनी तो चिमटीत धरून शरणप्पापुढं केला.

"पुसून घाल."

"न्हाय घालत. माज्या कानात हायती."

साहेबांनी वाकून पाहिलं. "राहू दे, चालेल. पांढरं उठून दिसतंय. काढा हो फोटो."

पुढच्या आठवड्यात फाटकाजवळच्या फळ्यावर चारही फोटो डकवले. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: गिरणीने पुरविलेली साधने वापरणारे कामगार.

संध्याकाळी सुटल्यावर शरणप्पानं एकेक अक्षर लावून वाचलं. गालातल्या वातींची चव एकदम घशाशी आली. त्यानं त्या बाहेर काढल्या, धोतराला पुसल्या आणि सगळ्यांदेखत कानात घातल्या.

धोंडप्पानं हात पसरला. "काढा अण्णा. गिरणीचा कापूस."

"मल्लव्वाचा हाय."

"आँ?" धोंडप्पा त्याच्या उजव्या कानाशी येऊन ओरडला. "तितं काय लिवलंय बगा की. साहेबानं लिवलंय. फोटोला कान कुणी दिला? तुमीच न्हवं?" मागची माणसं हसली.

शरणप्पा फळ्याशी गेला. अंगठ्याच्या नखानं त्यानं फोटोतला आपला कान खरवडला, वातीसकट, खालचा पांढरा कागद दिसेपर्यंत. नखात काळा चुरा भरला. तो त्यानं धोंडप्पाच्या पसरलेल्या तळव्यावर पुसला.

"एवढा गिरणीचा. घे."

आणि कानात वाती तशाच ठेवून तो फाटकाबाहेर पडला.