पडद्यावरचं पुटपुटणं

स्टुडिओचं छप्पर काचेचं होतं. ऊन फार झालं की वर पांढरी कापडं ओढायचे, आणि मग आतली माणसं, खुर्च्या, पुठ्ठ्याचे खांब सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसायचं. त्या उजेडात चिमी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिला वाटलं, आपण जागे आहोत की झोपेत, हे कुणाला तरी विचारून घ्यावं.

चिमी हे नाव ताईनं ठेवलेलं. आई गेल्यावर ताईनंच तिला वाढवलं आणि लग्न झाल्यावर आपल्याबरोबर सासरीही नेलं. चिमीनं सिनेमात काम धरलं तेव्हा दाजी दारात उभे राहून म्हणाले, "गेलीस तर पुन्हा या घराची पायरी चढायची नाही." चिमीनं ताईकडे पाहिलं. ताई भिंतीला टेकून उभी होती. हूं नाही की चूं नाही. चिमी तशीच निघाली.

तेव्हाचे सिनेमे मुके. कॅमेऱ्यासमोर काय बोलावं याला काही धरबंधच नव्हता. नायक तिचा हात हातात घेऊन, डोळ्यांत प्राण आणून म्हणायचा, "आज जेवायला काय आहे गं? पोटात कावळे ओरडतायत." ती लाजून मान खाली घालायची आणि पुटपुटायची, "आधी तोंड बाजूला कर. कांदा खाऊन आलायस." पडद्यावर ते पाहून लोक उसासे टाकायचे.

रडायचा प्रसंग आला की मात्र तिला थट्टा सुचायची नाही. दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडायचा, "बोल, काहीही बोल, ओठ हलू देत!" मग ती बोलायची. "ताई, एक शब्द तरी बोलायचीस गं. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते." राजकन्या असो, भिकारीण असो, वेडी असो, ओठांवर ताईच. कॅमेऱ्याची मूठ फिरवणारासुद्धा नाक ओढायचा. तिच्या रडण्यावर सिनेमे चालले. ती कधी ढगांवरून चालली, कधी कागदी समुद्रात बुडाली, आणि वर्षं अशी सरकली की कालचं काय नि स्वप्नातलं काय, तिचं तिलाच उमगेना.

मग बोलपट आले. तिला एका जाड पडद्यांच्या खोलीत उभं केलं आणि चार वाक्यं म्हणायला लावली. तिचा आवाज घोगरा, जरा फाटका. दिग्दर्शक स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. "सर्दी झालीय का तुला?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हा माझाच आवाज आहे."

त्या आवाजाला बोलपटात काम नव्हतं. तिथून ती सरळ रंगखोलीत गेली. सिनेमाच्या पट्टीवरच्या इवल्याशा चित्रांत ब्रशनं रंग भरणारी एक बाई तिथं भिंगाखाली मान घालून बसलेली असे. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. सगळे तिला रंगीण म्हणत. बोलपटांना असले रंग नको होते, म्हणून तिलाही निरोप मिळाला होता. ती बाटल्या गुंडाळत होती. चिमीला पाहून ती आपल्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली,

"ताई बोलली का गं शेवटी?"

चिमी चमकली. "तुला कसं कळलं?"

"मी ओठ वाचते. सगळ्या सिनेमांत तू तिलाच हाका मारतेस." रंगिणीला हसू आलं. "आणि कांद्याचंही ठाऊक आहे मला. त्या खेळाला एकटी हसले. लोकांनी बाहेर काढलं."

चिमीही हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. रंगिणीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "पडद्यावरून काय सांगतेस? घरी जाऊन सांग की."

दार ताईनंच उघडलं. केस पिकले होते. दाजी खिडकीशी वर्तमानपत्र मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी मान वर केली, चिमीला पाहिलं आणि घाईनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

"सगळे सिनेमे पाहिले तुझे," ताई म्हणाली. "दुपारच्या खेळाला, यांना न सांगता. वाटायचं, त्या मेल्या नायकासाठी एवढी रडतेस."

"तुझ्याशी बोलत होते. तू का गप्प राहिलीस तेव्हा?"

ताईनं तिच्या गालावर हात ठेवला. "तोंड उघडलं असतं तर 'जाऊ नकोस' एवढंच आलं असतं, वेडे. आणि तू राहिली असतीस."

वर्तमानपत्रामागून खोकल्याचा आवाज आला. "तिला आत तर घे," दाजी म्हणाले.

पुढे चिमीनं आणि रंगिणीनं मिळून फोटो रंगवायचं दुकान काढलं. चिमी गिऱ्हाइकांशी बोलायची, त्याच घोगऱ्या आवाजात, आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. एका सकाळी ताई दाजींना ओढत घेऊन आली. दोघांनी जोडीनं फोटो काढून आणला होता. रंगिणीनं फोटोतल्या ताईच्या ओठांवर लाल ब्रश टेकवला तशी ताई खुर्चीतून अर्धी उठली.

"अगं, बेतानं! लोक म्हणतील, म्हातारी चळली."

"म्हणू देत," दाजी म्हणाले. "जरा जास्तच लावा."