किटली कुणाच्या हाती?

"बायका आल्या का? बसवा त्यांना पुढे, फोटो काढून घेऊ!"

सरपंच कनिसियुसनं ढोलघराच्या, म्हणजे गावबैठकीच्या घराच्या, दारातून हाळी दिली, तशा मागच्या चुलीपाशी राबणाऱ्या बाया ओले हात पुसत लगबगीनं आल्या आणि पुढच्या चटईवर टेकल्या. फोटो निघाला.

"झालं! आता कॉफीचं बघा."

आल्या तशा परत गेल्या बिचाऱ्या. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या त्या डोंगरी गावात हे असंच चालायचं. गावाचा निर्णय बायकांना बरोबर घेऊनच करायचा, असा सरकारचा नियम होता. कामाला हातभार लावणाऱ्या परदेशी संस्थेचीही तीच अट. कनिसियुस काही नियम मोडणारा माणूस नव्हे! बायका हजर असायच्याच की. आता पुरुष गोलात बसून बोलणार म्हटल्यावर कॉफी कुणीतरी करायला नको का?

त्या दिवशी बाळंतघराची जागा ठरायची होती. दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच येऊन राहावं, असं ते घर. जिल्ह्याहून आलेल्या सरकारी अधिकारी विल्फ्रिदाबाई दुपारी निर्णय घेऊनच परतणार होत्या. कनिसियुसच्या लेकीला, फेर्डिनाला, पाचवा महिना लागला होता. पहिलं नातवंड या नव्या घरात जन्माला येणार, म्हणून स्वारी खुशीत होती.

"इथंच बांधा, टेकडीवर, ढोलघराशेजारी," म्हातारे रोफिनुसकाका म्हणाले. "खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. गावाची शान आहे ती!"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"बायकांना विचारलंत?" विल्फ्रिदाबाईंनी विचारलं.

"अहो बाई, आत्ताच तर फोटो काढला!" कनिसियुस म्हणाला, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंही नाही.

पण कॉफी काही येईना. रोफिनुसकाकांचा घसा कोरडा पडला. शेवटी कनिसियुसच तणतणत चुलीकडे गेला आणि दाराशीच थबकला.

आत त्याची बायको मार्सेलिना किटली हातात धरून तावातावानं बोलत होती. "शान म्हणे! शान बाळंत होणार आहे का? वर नळ नाही, दवाखान्याची गाडी चढत नाही. कळा सुरू झालेल्या बाईला हे पाठुंगळी घेणार आहेत का?"

बाया खो खो हसल्या. फेर्डिना मात्र हसली नाही.

"आई, मी तिथं जाणारच नाही. मागच्या आठवड्यात पाण्याचा डबा घेऊन त्याच चढावर आपटले मी. बाबा ओरडतील म्हणून बोलले नाही. मी आपली घरीच बाळंत होईन. मग काय व्हायचं ते होवो."

"आपटलीस?" कनिसियुस आत घुसला. बायांचं हसू जागच्या जागी विरलं. "आणि हे सगळं तुम्ही बैठकीत का नाही बोललात?"

"कुठल्या बैठकीत हो? फोटोतल्या?" मार्सेलिना उसळली. "फोटो असला की 'पुढे बसा', बोलायची वेळ आली की 'कॉफी आणा'! सरकारनं आम्हाला चटईवर जागा दिली, पण हातातली ही किटली कुणी घेतली का?"

 कनिसियुसनं खाली बघतच विचारलं, "मग जागा कुठं म्हणता?"

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. अखेर फेर्डिना हळूच म्हणाली, "रस्त्यालगत, बाबा. आपण कॉफीच्या बिया वाळवतो त्या आवारात. सपाट आहे, आणि नळही जवळ आहे."

अरे देवा! बापजाद्यांनी खणून सपाट केलेलं ते आवार म्हणजे कनिसियुसचा जीव की प्राण! 'नाही' अगदी ओठावर आलं होतं. पण लेकीच्या कोपरावरची खपली त्याला दिसली. इतके दिवस एका घरात राहून दिसली नव्हती! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"देतो," तो म्हणाला. "चला, सगळ्यांसमोर बोला."

"आणि भात करपला तर? चुलीशी कोण बसणार?" मार्सेलिनानं विचारलं.

कनिसियुस तिथूनच ओरडला, "रोफिनुसकाका! सगळे इकडे या! बैठक आता इथं!"

"स्वयंपाकघरात? आमच्या आज्यापणज्यांनी असलं कधी ऐकलं नव्हतं!" काका कुरकुरले. पण कॉफी तिथंच होती, मग जातात कुठं! पुरुष चुलीभोवती बसले, धुरानं डोळे चोळू लागले. बाया बोलल्या, भांडल्या, आणि दुपारच्या आत जागा ठरली.

विल्फ्रिदाबाई म्हणाल्या, "नियम राजधानीत होतात, मदत सातासमुद्रापलीकडून येते. पण चुलीपासून बैठकीपर्यंतची चार पावलं ना सरकार चालू शकतं, ना पाहुणे. ती घरच्यांनीच चालायची!"

त्यांनी फोटो काढून पाहिला. धुरात एकही तोंड ओळखू येईना.

पुढच्या बैठकीत कॉफी कनिसियुसनं केली. पहिल्याच घोटाला रोफिनुसकाकांनी तोंड वाकडं केलं. "साखर विसरलास की रे! मार्सेलिना, जरा बघ ना."

"थांबा काका," मार्सेलिना चटईवरून न उठता म्हणाली. "आधी माझं बोलणं पुरं होऊ दे."

आणि काकांनी ती कडू कॉफी मुकाट्यानं प्यायली.

वाचकहो, बाईला बैठकीला बोलावलं म्हणजे आपलं काम संपत नाही. ती बसली असताना किटली कोण उचलणार, तेही ठरवावं लागतं. तुमच्या-माझ्या घरीही पाहुणे येतातच. पुढच्या वेळी आल्यावर आपणच उठू या!