चोवीस खुंट्यांची टोपी

मित्रांनो, सुरतेत माग म्हटले की खटाखट ओरडणारे खोलीभर लोखंड डोळ्यांपुढे येते. मीही एक मागच आहे, पण जेवणाच्या ताटात मावतो. प्लास्टिकचे निळे कडे, त्यावर चोवीस खुंट्या आणि जोडीला एक आकडा, एवढाच माझा संसार. पलसाण्याजवळच्या कारखान्यात मी खरे तर बादली व्हायचा होतो. शेवटच्या घटकेला शेजारच्या साच्यात उडी मारली म्हणून वाचलो. खोटे वाटत असेल तर बादल्यांना विचारा.

लिंबायतच्या सोनालीने मला घरी आणले. माझ्यावर विणणे सोपे. प्रत्येक खुंटीला लोकरीचा वेढा द्यायचा, त्यावर दुसरा द्यायचा आणि खालचा वेढा आकड्याने उचलून खुंटीवरून मागे टाकायचा. पहिल्याच आठवड्यात तिने गळपट्टा विणला. टोपीला हात घालणार, तोच आठव्या महिन्यातच तिला मुलगा झाला. वजन दीड किलो. दोन दिवसांनी त्याला काचेच्या पेटीतून बाहेर काढणार होते.

"डोकं उघडं ठेवू नका. ऊब गेली तर वजन धरणार नाही," नर्सने बजावले.

बाजारातली सगळ्यात लहान टोपी बाळाच्या हनुवटीपर्यंत उतरली.

मग मला हातात घेतले सोनालीच्या सासऱ्यांनी. शालिग्रामदादांनी पस्तीस वर्षे पॉवरलूम चालवले, एका वेळी आठ-आठ. काम सुटल्यापासून ते ओट्यावर नुसते बसून असत. तुटलेला धागा ते असा झटकन सांधत, की गाठ कुठे आहे हे धाग्यालाही कळत नसे! असा कसबी हात माझ्या नशिबी यावा? मी थरारलो.

पण पॉवरलूमवर ताण ढिला पडला की कापड बिघडते. दादांनी त्याच सवयीने लोकर अशी आवळली, की वेढा खुंटीवरून सुटेना. आकडा वाकला, माझी एक खुंटी कण्हली. टोपी निघाली ती करवंटीसारखी कडक. दादांच्या पत्नी शोभाबाईंनी ती मोसंब्यावर चढवून पाहिली. चढेना.

"दोराना गळा कसाले दाबी राह्यनात?"

"ढील सोडी तं माल रिजेक्ट व्हस!"

"हाऊ माल नही, नातू शे तुमना!"

दादांनी सगळी टोपी उसवली आणि पुन्हा पहिल्या खुंटीपासून सुरुवात केली. आता प्रत्येक वेढ्याखालून आकडा आरामात जातो का, हे ते आधी पाहत. पस्तीस वर्षांची सवय सोडताना त्यांच्या कपाळावर घाम आला, पण बोटे मऊ झाली. शेवटी चोवीसही वेढ्यांतून लोकर ओवून ओढली आणि टोपीचा शेंडा मिटला.

दुसऱ्या दिवशी नर्सने ती बाळाला घातली. टोपी बरोबर भुवयांपाशी थांबली.

"बसली, दादा!"

मागांच्या आवाजाने दादांचे कान अधू झालेले. तरी मला शंका आहे, पहिल्याच वेळी त्यांना नीट ऐकू आले होते. त्यांनी नर्सकडून ते तीनदा वदवून घेतले.

आठवड्यात बाळाचे वजन दीडशे ग्रॅमने वाढले. डॉक्टर म्हणतात, आईच्या दुधाने. असेल. त्यातले पन्नास ग्रॅम तरी माझे!

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे हुशार हात रिकामे बसले असतील. त्यांना लोकर द्या. पहिली टोपी बिघडली तर हसू नका. बरे, थोडे हसा, पण उसवायला शेजारी बसा.