उतारावरची फट

"बाई, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांनी डोंगर थांबतो होय?"

"विचारून दाखवच," म्हणत दोन मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती, म्हणून तिने विचारलं. आता दोघीही तोंडावर हात दाबून मागे उभ्या होत्या. उतारावरच्या इंजिनिअर बाईंनी शेजारचा काळा खुंटा उचलला आणि सरळ तिच्या हातात दिला.

"घे. वाकव."

तिने गुडघा लावला, दात-ओठ खाल्ले. खुंटा ढिम्म.

"प्लास्टिकच्या बाटल्या, डबे वितळवून केलाय. लाकडासारखा कुजत नाही, लोखंडासारखा गंजत नाही. वरची सरकती माती खालच्या घट्ट थराला ठोकून टाकायची."

"म्हणजे डोंगर दावणीला बांधायचा!"

"हो, आणि दावं सैल सोडायचं नाही."

"जिंकलीस गं, चल आता," मैत्रीण कुजबुजली. पण तिची जीभ आता कुठे मोकळी झाली होती. उतारभर खुंट्यांच्या रांगा सरळ गेल्या होत्या. फक्त तिच्या घरामागे येऊन त्या तुटत होत्या, आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होत्या.

"मग आमच्या मागे फट का ठेवलीत?"

बाईंनी हात झटकले. "ठोकायचं यंत्र तिथे शिरत नाही. तुमची मागची खोली आडवी येते. तुझ्या बाबांना दोनदा विचारलं, नाही म्हणाले."

"आणि फट तशीच राहिली तर?"

बाईंनी खाली बोट दाखवलं. फटीच्या सरळ रेषेत, तिच्या घराच्याही खाली, त्या कुजबुजणाऱ्या मैत्रिणीचं घर होतं. गच्चीवर मैत्रिणीच्या भावाचे इवलेसे कपडे वाळत होते. मैत्रिणीचं हसू केव्हाच थांबलं होतं.

आडवी येणारी ती मागची खोली तिचीच. स्वतःची खोली हवी म्हणून तिने आकाशपाताळ एक केलं होतं, तेव्हा बाबांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा रचून, गिलावा करून ती उभी केली होती.

ती घरी आली तेव्हा बाबा त्याच खोलीत स्टुलावर चढून पुस्तकांसाठी फळी ठोकत होते. आईने खिळे धरले होते. तिने सगळं एका दमात सांगितलं.

"त्या बाईंचं काय ऐकतेस? इतकी वर्षं हलला का तो कोपरा?" बाबा वळलेसुद्धा नाहीत.

"आणि आजीच्या घोरण्याशेजारी झोपशील का परत?" आईने डोळे वटारले. "चार दिवसांत रडत येशील."

"येईन. पण झोपेन तिथेच."

तिने स्टुलाजवळ जाऊन बाबांच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"बाबा, फळी राहू दे. उद्या सकाळी यंत्र घेऊन या, असं मी बाईंना सांगून आलेय. ही खोली पाडायची."