हौशीरामची बारी

निमगाव सावाच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात हौशीरामनं वीस वर्षं माइक गाजवला. एका गाड्याची बारी बारा सेकंदांची. तेवढ्यात गाडामालक, बैल, गाड्यापुढं पळणारी घोडी, सगळ्यांची नावं तो एका श्वासात घ्यायचा. मग दम्यानं गाठलं. गेल्या यात्रेत बोलता बोलता छातीतून शिट्टी वाजली आणि भोंग्यांतून साऱ्या घाटाला ऐकू गेली. मांडववाल्या जानकूला वाटलं, मशीन बिघडलं. त्यानं वायरच उपटली! लोक पोट धरून हसले आणि हौशीराम जो घरी जाऊन बसला, तो वर्षभर.

"दुखणं चार आणे, भीती बारा आणे," डॉक्टर म्हणाले. पण ती भीती एकट्याची थोडीच होती! त्यानं साधी जांभई दिली तरी बायको, प्रयागबाई, दम्याचा पंप घेऊन धावायची. तिचा चेहरा बघून त्याचा श्वास खरोखरच अडकायचा. पंपसुद्धा तो दाराआड ओढायचा, कुणी बघू नये म्हणून.

यंदा गावानं हट्टानं बोलावलं. माइक हातात आला आणि छाती आवळली. पहिल्या दोन बाऱ्या त्यानं अर्ध्यावर सोडल्या.

"चला घरी," प्रयागबाई रडवेली झाली. "मला नाय बघवत."

"गोरखचा गाडा लागलाय. येवढी एकच."

गोरख त्याचा भाचा. बैल घरचे, वासरापासून वाढवलेले. झेंडा पडला, बैल उधळले आणि हौशीराम छाती-बिती सगळं विसरला. "आली, आली, घोडी पुढं, बैल तिच्या शेपटाला, भिर्रर्र! बघा रं पोरांनो, बघा, गेली!"

"अकरा सेकंद पंचेचाळीस!" घड्याळवाला ओरडला. भंडारा उडाला, टोप्या उडाल्या. गलका ओसरला तशी भोंग्यांतून तीच शिट्टी ऐकू यायला लागली. जानकूचा हात वायरीकडे गेला.

प्रयागबाईनं तो वरच्यावर धरला. "हात नको लावू! मशीन झ्याक हाय. आमचं मालक हायेत त्ये!"

हेही भोंग्यांतून गेलं. घाट खदखदून हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला हौशीराम, धापा टाकत. कमरेचा पंप काढताना प्रयागबाईलाही हसू आवरेना. त्यानं साऱ्या घाटासमोर हात पुढं केला.

"आण गं इकडं. पुढची बारी लागलीय."